सातवा मजला, शेवटचा थांबा

६ मे, सोमवार

आजपासून मी समाज बदलायला घेतला. म्हणजे सकाळी नऊलाच घेणार होते, पण ऑफिसची किल्ली ताईंकडे आणि ताई आल्या साडेनऊला, तोवर समाज होता तसाच राहिला.

ऑफिस म्हणजे ड्रायक्लीनरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून गरम इस्त्रीची वाफ येते, त्यामुळे खोल्यांना कायम ओल्या कपड्यांचा वास. कॉलेजच्या फलकावर या कामाचं नाव 'शहरी सामाजिक न्याय : उन्हाळी इंटर्नशिप' असं होतं. ते वाचून मी फिरती खुर्ची आणि मोठं टेबल मनात मांडून ठेवलं होतं. मिळालंय अर्धं टेबल. उरलेलं अर्धं कायद्याच्या एका विद्यार्थ्याचं आहे. तो कुठलंही वाक्य "आता याकडे दोन अंगांनी पाहता येईल" असं सुरू करतो, म्हणून दुपारपर्यंत मी त्याचं नाव 'प्रस्तावना' ठेवलं. त्याला ते आवडलं. आवडायला नको होतं.

ताई ही संस्था चालवतात. घरभाडेकरू, सरकारी वसाहती, पाणी, जिने, दिवे, सगळी भांडणं त्यांच्याकडे येतात. त्यांनी आम्हाला एकच नियम सांगितला : "ज्याचा प्रश्न, त्याचं तोंड. सभेत किंवा सुनावणीत तुम्ही बोलायचं नाही. बोलणाऱ्याला जागा करून द्यायची."

मग मला घेतलं कशाला? वादविवादात कॉलेजला सलग दोन वर्षं ढाल मी आणून दिली आहे. हे मी अर्जात ठळक लिहिलं होतं.

जेवताना बाबांनी विचारलं, "काय, कितपत बदलला समाज?" दादा फिदीफिदी हसला. तो बँकेत इंटर्न आहे, गार हवेत बसतो. बाबांना मी त्यांच्या वह्या-पेनांच्या दुकानाजवळच्या कर सल्लागाराकडे जायला हवी होते. "निदान काहीतरी शिकली असतीस," म्हणाले. मी भाजी वाढून घेतली आणि गप्प बसले. गप्प बसण्याचा सराव तरी झाला.

७ मे, मंगळवार

आमच्या वाट्याला चार नंबरची इमारत आली आहे. सरकारी वसाहत, सात मजले, लिफ्ट एकच आणि ती हिवाळ्यापासून बंद. दारावर 'तात्पुरती बंद' अशी पाटी आहे. तिचा रंगसुद्धा उडायला आलाय. वरच्या मजल्यांवर बहुतेक म्हातारी माणसं राहतात, कारण घरं वाटली तेव्हा ती म्हातारी नव्हती आणि लिफ्ट चालू होती.

जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक खुर्ची आहे. त्या त्या मजल्यावरच्या लोकांनीच ठेवलीय, दमलेल्याला बसायला. पहिल्या मजल्यावर प्लास्टिकची, दुसऱ्यावर गादी फाटलेली, चौथ्यावर चक्क आरामखुर्ची. प्रस्तावना म्हणाला, याकडे दोन अंगांनी पाहता येईल. तिसऱ्या मजल्यावर तो मुकाट्याने बसला.

सातव्यावर कंडक्टरबाई राहतात. सगळी नोकरी शहराच्या बसमध्ये गेली. एकट्या असतात. गुडघे पार गेलेत, हिवाळ्यापासून खाली उतरलेल्या नाहीत. आम्ही दारात पोचलो तर आतून आवाज आला, "आत सरका, दारात गर्दी करू नका!" आम्ही दोघंच होतो. आवाज असा की मी खरोखर सरकले.

"सुटलात चौथ्या थांब्यावरून? तिथं बरेच जण उतरतात," त्या म्हणाल्या. जिन्याच्या वळणांना त्या थांबेच म्हणतात.

त्यांनी पाणी दिलं, आमची चौकशी केली, आणि लिफ्टबद्दल मी काढलेल्या प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर दिलं नाही. उलट मलाच विचारलं, "तू कुणासाठी आलीस, पोरी? लिफ्टसाठी की मार्कांसाठी?" मी म्हटलं, दोन्ही. त्या खूश झाल्या. मला वाटतं माझी छाप पडली.

१० मे, शुक्रवार

आज शोभा झाली. लिहून टाकते म्हणजे सुटेन.

सकाळी कंडक्टरबाईंकडे एकटी गेले होते. त्या आत चहा करत होत्या. खिडकीच्या गजाला एक निळा टॉवेल बांधलेला, कडक वाळलेला, वर धूळ. म्हटलं, बिचारीचा हात पोचत नसेल. सोडला, झटकला, छान चौकोनी घडी केली आणि पलंगावर ठेवला. मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली.

अर्ध्या तासात जिन्यावर धावपळ. समोरच्या इमारतीचा पहारेकरी धापा टाकत सातव्यापर्यंत आला आणि कंडक्टरबाईंना धडधाकट बघून भिंतीला टेकला. "बाई, तुमची बहीण रडून रडून अर्धी झालीय तिकडे!"

समोर, रस्त्यापलीकडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची धाकटी बहीण राहते. तिथली लिफ्ट चालू आहे. तिला ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. हृदय नाजूक, डॉक्टरांनी जिने चढायची सक्त मनाई केलीय. ती वर येऊ शकत नाही, या खाली जाऊ शकत नाहीत. म्हणून रोज उठल्यावर इकडे निळा टॉवेल, तिकडे पिवळा. टॉवेल दिसला म्हणजे बाई ठीक आहेत. आणि मी तो घडी करून ठेवला होता!

कंडक्टरबाईंनी टॉवेल पुन्हा बांधला, खिडकीत उभं राहून दोन्ही हात हलवले. पलीकडच्या खिडकीत एक ठिपक्याएवढी बाई डोळे पुसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या फक्त चहा गार झाला म्हणून कुरकुरल्या.

दोघी बहिणी शेवटच्या एकत्र बसल्या त्या लिफ्ट बंद पडायच्या आदल्या आठवड्यात. रस्ता एवढासा आहे. मी ओलांडायला सुरुवात करते तोवर संपतो.

१३ मे, सोमवार

मला उपाय सुचला आणि तो कंडक्टरबाईंनी उडवून लावला. मी म्हटलं, मावशी, आपण तुम्हाला खुर्चीत बसवून खाली नेऊ. चौघं उचलतील, बहिणीकडे नेतील, परत आणतील.

"मी कपाट आहे का?" त्या म्हणाल्या.

"तसं नाही, पण..."

"अगं, सगळं आयुष्य मी माणसं चढवली आणि उतरवली. एकालाही उचललं नाही. आपल्या पायांनी चढला तो प्रवासी. उचलून ठेवलं ते सामान. बहिणीकडे जाईन तर पाहुणी म्हणून जाईन."

हट्टी आहेत. पण जिना उतरताना दुसरी कल्पना सुचली आणि ती इतकी चांगली आहे की इथे लिहितानाही हात थांबत नाही. माणूस नाही, तर सामान! वरच्या लोकांच्या पिशव्या वर न्यायच्या, पण एकाने सात मजले नाही. प्रत्येक मजल्यावरच्या धडधाकट माणसाने फक्त एक मजला न्यायची आणि पुढच्याच्या हातात द्यायची. नाव : साखळी.

ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "करून बघ." एवढंच. कौतुक करताना त्यांच्या जिवावर येतं.

१७ मे, शुक्रवार

साखळी चालली! दूध, औषधं, पीठ, एका आजोबांचा रेडिओ, सगळं खालून वर सुळकन. जिन्यात वाट हवी म्हणून वळणांवरच्या खुर्च्या आम्ही लोकांच्या घरात ठेवायला लावल्या. पहिल्या मजल्यावरचे सुतारकाका ओरडतात, "सुटली!" आणि वरून एकेक आवाज येत जातो, "मिळाली! मिळाली!" शेवटी सातव्यावरून कंडक्टरबाईंचा, "पोचली! पुढे चला!"

पाचव्या मजल्यावरचे दोन शेजारी, जे कित्येक वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, ते आता दिवसातून दोनदा एकमेकांच्या हातात पिशवी देतात. अजून बोलत नाहीत, पण देतात.

आज प्रस्तावनाने प्रस्तावनेशिवाय वाक्य उच्चारलं : "भारी आहे." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. खरं सांगायचं तर दोन मुठी.

२३ मे, गुरुवार

वर्तमानपत्रात आलं! शहराच्या पानावर, फोटोसकट. मी जिन्याच्या कठड्याला टेकून पिशवी वर देतेय, मागे सुतारकाका हसताहेत. मथळा : 'लिफ्ट नाही? हरकत नाही!' खाली लिहिलंय की तरुणाईच्या कल्पकतेने रहिवाशांची अडचण दूर झाली.

कॉलेजमधून सरांचा फोन आला. आत्याचा आला. प्रस्तावनाने फोटोत आपली फक्त कोपराएवढी बाजू आल्याचं दाखवून दिलं.

ताईंनी बातमी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "पिशवी वर गेली, छान झालं. माणूस खाली कधी येणार?"

म्हटलं ना, जिवावर येतं.

घरी एक वैतागच. संध्याकाळी आईला बातमी दाखवायला गेले तर आमच्या अंकातला तेवढाच चौकोन कापलेला. हे दादाचं काम. मागच्या पानावर क्रीडावृत्त असतं. त्याने आईची शपथ घेतली, तरी मी जेवतानाही त्याच्याशी बोलले नाही. सकाळी बाबा पेपर वाचतच नव्हते, त्यांना दुकानात जायची घाई होती. बातमीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी त्या कर सल्लागाराकडे गेले असते तर ते बोलले असते.

३० मे, गुरुवार

काय लिहू?

सकाळी चार नंबरला गेले तर लिफ्टच्या दारापाशी घोळका. 'तात्पुरती बंद'च्या जागी गृहनिर्माण कार्यालयाची नवी, टाइप केलेली सूचना. 'रहिवाशांनी परस्पर सहकार्यातून समाधानकारक व्यवस्था उभारली असल्याने सदर इमारतीतील उद्वाहनाची दुरुस्ती प्राधान्यक्रमातून वगळण्यात येत आहे.'

"उद्वाहन म्हणजे काय?" कुणीतरी विचारलं.

"लिफ्ट," सुतारकाका म्हणाले. "आपली लिफ्ट. वगळली."

कुणीही माझ्याकडे पाहिलं नाही. ते जास्त लागलं. ती समाधानकारक व्यवस्था म्हणजे मी. साखळी. तो फोटो. ते हसू.

ऑफिसात जाऊन ताईंसमोर उभी राहिले. वाटलं, आता तरी ओरडतील. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि खालून दोन चहा मागवले. "मला तुला आधीच सांगता आलं असतं," त्या म्हणाल्या. "पण शेजारी आता एकमेकांच्या हातात पिशवी देतात, ते मला हवं होतं. आता जा आणि ज्यांचा प्रश्न आहे त्यांना विचार."

सातव्यावर जायचं धैर्य आज झालं नाही. पहिल्यांदा वाटलं की बाबांचंच खरं होतं.

३१ मे, शुक्रवार

गेले. चढताना प्रत्येक वळणावर बसावंसं वाटत होतं, आणि बसायला खुर्ची नव्हती. त्यासुद्धा मीच हलवल्या होत्या.

कंडक्टरबाईंसमोर मी रडले. अगदी नाक वाहेपर्यंत. माझ्यामुळे तुमची बहीण आणखी लांब गेली, असं काहीतरी म्हणाले. त्यांनी मला रडू दिलं आणि मग विचारलं, "झालं? आता ती वहीत उतरवलेली सूचना वाच बघू पुन्हा."

वाचली.

"व्यवस्था आहे म्हणतात ना ते?"

"हो."

"समाधानकारक?"

"हो."

"मग ती सरकारी झाली की! त्यांनी कागदावर घेतली म्हणजे आता त्यांचीच." त्यांनी फोन ओढला, सूचनेखालचा नंबर मला वाचायला लावला. "हॅलो, गृहनिर्माण कार्यालय? चार नंबर इमारत, सातव्या मजल्यावरून बोलतेय. तुमची समाधानकारक व्यवस्था आज दूध कधी आणतेय? ... नाही नाही, लिफ्टची तक्रार नाही हो. लिफ्ट तुम्ही वगळलीत. मी व्यवस्थेबद्दल विचारतेय. ... बरं, थांबते."

आणि त्या खरंच थांबल्या. रिसीव्हर कानाला, दुसऱ्या हाताने शेंगा सोलत. पलीकडे कुणीतरी कुणाला तरी विचारत होतं. मी रडता रडता हसले आणि ठसका लागला.

३ जून, सोमवार

शनिवारी सगळ्या इमारतीने बैठक घेतली. जिन्यातच, प्रत्येक जण आपापल्या मजल्यावर उभा राहून, खाली-वर ओरडून. मी खालच्या पायरीवर गप्प.

ठरलं ते असं. काल साखळीने शेवटची मोठी फेरी केली आणि वरच्या सगळ्या घरांत आठवड्याचं सामान भरून ठेवलं. कुणाचंही औषध चुकणार नाही याची जबाबदारी पाचव्या मजल्यावरच्या त्या दोन शेजाऱ्यांनी घेतली. एकत्र! आणि आजपासून साखळी बंद. दूध हवं, फोन कार्यालयाला. कचरा खाली न्यायचाय, फोन कार्यालयाला. सगळे अतिशय गोड बोलणार, कुणी चढ्या आवाजात बोललं तर कंडक्टरबाईंशी गाठ.

सुतारकाकांनी कार्यालयाला विचारलं की त्यांच्या सासूबाईंना माहेरी जायचंय, व्यवस्था कितीला येईल. सासूबाई वारल्याला बरीच वर्षं झालीत, पण भावना खरी होती.

५ जून, बुधवार

साहेब आले! गृहनिर्माण कार्यालयाचे, स्वतः. फोन घेणाऱ्या मुलीने म्हणे रजेचा अर्ज दिलाय.

साहेब वाईट नाहीत. सातव्यावर पोचल्यावर बराच वेळ त्यांना बोलताच येईना, तेव्हा कंडक्टरबाईंनी त्यांना वारा घातला. मग ते म्हणाले की वगळण्याचा निर्णय फिरवायचा तर समितीपुढे सुनावणी हवी आणि तक्रारदार जातीने हजर हवा. पुढच्या बुधवारी, कार्यालयात.

"मी कशी येऊ?" बाईंनी विचारलं.

"आम्ही दोन माणसं पाठवतो. खुर्चीत बसवून आणतील. काही त्रास नाही."

मी जीभ चावून धरली. मला वाटलं, आता हो म्हणतील. एकदाच तर जायचंय, आणि सगळं त्याच्यावर आहे. लिफ्ट, बहीण, सगळं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मला उचलून नेलंत की तुम्ही लिहिणार, तक्रारदार उपस्थित होती. म्हणजे येता येतं. म्हणजे लिफ्ट कशाला?" साहेबांनी रुमाल काढला. "मी जातीने हजर राहीन. इथं. तुमच्या समितीला पाय आहेत ना?"

साहेब म्हणाले, असं कधी झालेलं नाही. आणि इथे, मी देवाशप्पथ सांगते, प्रस्तावना पुढे झाला आणि म्हणाला, "आता याकडे दोन अंगांनी पाहता येईल." मग त्याने समितीचाच नियम घडाघडा म्हणून दाखवला. तक्रारदार आजारी असेल तर सुनावणी त्याच्या राहत्या जागी घेता येते. साहेबांनी घाम पुसला आणि समितीला विचारतो म्हणाले.

खाली उतरताना मी प्रस्तावनाला म्हटलं, नियम मोडलास, बोललास. तो म्हणाला, "मी फक्त जागा करून दिली." आता याला काय म्हणायचं!

११ जून, मंगळवार

समिती येतेय. उद्या. मला झोप लागायची नाही.

संध्याकाळी जिन्यात वाद झाला. सुतारकाका आणि खालचे सगळे म्हणत होते की वळणांवर खुर्च्या परत ठेवू नका. चढू देत सलग, कळू देत. मलाही तेच पटलं, अगदी मनापासून. टाळ्यासुद्धा वाजवल्या.

वरून आवाज आला, "खुर्च्या ठेवा."

"अहो बाई, पण..."

"आपल्या जिन्यात दमलेल्याला खुर्ची मिळते. साहेब असला तरी. उद्यापुरती पद्धत बदलायची नाही."

सुतारकाका पुटपुटले, पण सगळ्यांत आधी त्यांनीच आपली खुर्ची बाहेर आणली आणि तिचा हलता पाय ठोकून दिला. मी चौथ्या मजल्यावरची आरामखुर्ची पुसली.

माझं एक भाषण लिहून तयार आहे. न जाणो, वेळ आली तर. खिशात ठेवणार आहे, एवढंच.

१२ जून, बुधवार

सगळं जसं घडलं तसं लिहिते, नाहीतर उद्या मला स्वतःलाच खोटं वाटेल.

समितीत तिघं. अध्यक्षा एक वयस्कर, भारदस्त बाई, त्यांच्यामागे साहेब आणि एक हिशेबनीस. अध्यक्षांना हे सगळं नाटक वाटत होतं, तसं त्या खाली उघड म्हणाल्यासुद्धा. पहिल्या वळणावर त्यांनी खुर्चीकडे बघितलंही नाही. दुसऱ्यावर बघितलं. तिसऱ्यावर टेकल्या. चौथ्यावर आरामखुर्चीत बसल्या त्या बसल्याच. तोंड लालबुंद, कपाळ घामाने निथळलेलं. कुणीतरी पाणी आणलं, कुणी पंखा. मी त्यांच्या पायाशी पायरीवर बसले होते आणि खिशात भाषण चुरचुरत होतं. आत्ता! याहून चांगली वेळ कधी मिळणार? ही बाई आत्ता माझं सगळं ऐकेल. जिभेच्या टोकावर पहिलं वाक्य आलं होतं, आणि चांगलं वाक्य होतं ते.

मी बोलले नाही. उठून कठड्यापासून बाजूला झाले, म्हणजे त्यांना वर दिसेल.

वरून कंडक्टरबाईंचा आवाज, "चौथ्या थांब्यावर उतरल्या का बाई? असू दे, सगळे तिथंच उतरतात. मी इथून बोलते. ऐकू येतंय?"

"येतंय," अध्यक्षा म्हणाल्या.

आणि सुनावणी तशीच झाली. तक्रारदार सातव्यावर कठड्याला धरून, अध्यक्षा चौथ्यावर आरामखुर्चीत, साहेब आणि हिशेबनीस मधे पायऱ्यांवर, आणि सगळी इमारत आपापल्या दारात. कंडक्टरबाईंनी ना गुडघ्यांबद्दल सांगितलं ना एकटेपणाबद्दल. म्हणाल्या, "मला एक बहीण आहे. समोरच राहते. रोज आम्ही एकमेकींना टॉवेल दाखवतो. एवढ्यावर भागतं, असं तुमचं म्हणणं असेल तर तसं लिहा आणि जा. पण मला तिच्या शेजारी बसायचंय. बाकी माझं काही मागणं नाही."

सुतारकाकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

अध्यक्षांनी पाण्याचा पेला पायरीवर ठेवला. मग म्हणाल्या, "मलासुद्धा बहीण आहे." आणि साहेबांकडे बघून, "लिहून घ्या. समाधानकारक व्यवस्था वगैरे काढून टाका. आधी ही इमारत. बाकीचं मागून."

"मॅडम, वर जाऊन तक्रारदाराची सही..." हिशेबनीस म्हणाले.

"तुम्ही जा," अध्यक्षा म्हणाल्या. "मी पोचले."

हिशेबनीस आणि साहेब धडपडत वर गेले. शेवटच्या पायरीवर कंडक्टरबाईंचा तो जुना, सगळ्या बसला पुरेल असा आवाज घुमला, "सातवा मजला, शेवटचा थांबा! सगळ्यांनी उतरून घ्या!"

अख्खा जिना हसला. अध्यक्षासुद्धा.

भाषण मी घरी येऊन फाडलं. इतकं चांगलं भाषण मी आयुष्यात दिलेलं नाही.

२१ जून, शुक्रवार

आज शेवटचा दिवस. ताईंनी निरोपाला काही भाषण वगैरे केलं नाही. खालून मागवलेले तीन चहा, आणि म्हणाल्या, "पुढच्या उन्हाळ्यात ये. टेबल पूर्ण देईन." प्रस्तावना म्हणाला, त्याला त्याचं अर्धं हवंय.

लिफ्टचे कारागीर येऊन मापं घेऊन गेलेत. मला चालू झालेली बघायला मिळणार नाही, कॉलेज सुरू होतंय.

परतताना पेन घ्यायला बाबांच्या दुकानात गेले. गल्ल्याच्या काचेखाली, बिलांच्या शेजारी, तो चौकोन. 'लिफ्ट नाही? हरकत नाही!' आणि माझा तो हसरा चेहरा. कडा पट्टी लावून सरळ कापलेल्या.

मला सांगायचं होतं, बाबा, हा फोटो काढा. हीच तर माझी चूक. हाच फोटो त्यांनी आमच्याविरुद्ध वापरला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि बाबा काचेवर बोट ठेवून म्हणाले, "ही आमची मुलगी. जिन्यांचं काम करते." असं म्हणाले, जसं काही जिन्यांचं काम ही जगातली सगळ्यांत मोठी नोकरी आहे.

मी पेन घेतलं आणि बाहेर आले. दादाची माफी मागायची राहिलीय.

२ ऑगस्ट, शुक्रवार

दुपारी प्रस्तावनाचा फोन. "चालू झाली," म्हणाला. प्रस्तावना नाही, दोन अंगं नाहीत, काही नाही.

कॉलेज सुटल्यावर तशीच पळाले. लिफ्टमध्ये नव्या रंगाचा वास होता. सातव्याचं बटण दाबलं आणि मला जिना चुकल्यासारखं वाटलं. कंडक्टरबाईंच्या दाराला कुलूप. हाक मारली, कुणी नाही. शेजारच्या आजोबांना विचारायला गेले तर तेही घरात नव्हते. उतरले असणार सगळे. सगळी इमारतच उतरली असणार.

खाली रस्त्यावर येऊन वर पाहिलं. खिडकीच्या गजाला टॉवेल नव्हता. झटकन वळून समोरच्या तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं.

तिथंही टॉवेल नव्हता.

आणि मग त्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून, गाड्यांच्या आवाजावरून, ऐकू न येणाऱ्या माणसाशी बोलावं तसा खणखणीत आवाज आला, "आत सरक गं जरा! मला बसू दे!"

मी वर गेले नाही. माझं तिथं काही काम नव्हतं. पलीकडच्या कट्ट्यावर थोडा वेळ बसून राहिले आणि इतका अभिमान वाटला की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून दुकानात गेले. बाबांना सगळं सांगितलं, अगदी टॉवेलापासून. फोटोबद्दलही.

बाबांनी काच उचलली, तो चौकोन काढून वहीत ठेवला आणि म्हणाले, "मग आजचा दे. आज फोटो काढला असशीलच."

"नाही काढला, बाबा," मी म्हटलं. "नुसत्या दोन रिकाम्या खिडक्या होत्या."